बाई कुठं उभी हाय?

शिरूरला आमच्या घरमालकांच्या गोठ्यात शिरताना चपला बाहेर काढाव्या लागत. देवळात काढतात, घरात काढतात, पण गोठ्यात चपला काढून जायचं हे मी तोवर कुठं पाहिलं नव्हतं. अर्थात त्या गोठ्यात जनावर नव्हतं. बैलांचे दोन खुंट तेवढे जमिनीत होते, आणि त्यांच्या शेजारी वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यांवर दोन छोटे स्पीकर मांडलेले असत. दुकानदार त्यांना बुकशेल्फ स्पीकर म्हणतात. घरमालकांच्या घरात पुस्तक म्हणावं असं एक पंचांग होतं आणि तेही खिळ्याला टांगलेलं.

"पुस्तकाच्या फळीवर ठिवायचं म्हणून इकत्यात, आन् घरी आल्यावर भिंतीपासून हातभर लांब ठिवा म्हणून सांगत्यात," ते म्हणायचे. "मंग तसलं नाव तरी कशाला द्यायचं?"

सगळी आळी त्यांना आप्पा म्हणे, मीही आप्पाच म्हणू लागलो. मी रांजणगावच्या बाजूला एका कारखान्यात नोकरीला होतो आणि त्यांच्या माडीवर भाड्यानं राहत होतो. खोली द्यायच्या आधी त्यांनी मला पगार विचारला नाही, जात विचारली नाही, लग्नाचंही विचारलं नाही. गोठ्यात नेऊन एका लाकडी खुर्चीत बसवलं आणि डोळे मिटायला सांगितलं. कुणी एक बाई गाऊ लागली. मागं नुसता तंबोरा.

"सायेब, बाई कुठं उभी हाय? बोट दावा."

मी डोळे मिटूनच बोट दाखवलं. आप्पा माझ्या खांद्याशी वाकले आणि माझं बोट कुठं रोखलंय ते निरखून बघत राहिले. मग म्हणाले, "बरं हाय. सामान आणा उद्या." कारखान्यात मी आठवडाभर सांगत सुटलो होतो, की आमचे घरमालक भाडेकरूच्या कानाची प्रवेशपरीक्षा घेतात.

आप्पा मूळचे गाड्याचे शौकीन, म्हणजे बैलगाड्याच्या शर्यतीचे. त्यांच्या जोडीचं नाव आजूबाजूच्या शर्यतीच्या घाटांत निघे. पुढं शर्यती बंद पडल्या तेव्हा त्यांनी बैल विकले आणि गोठा ओस पडला. विकतानाची त्यांची एक गोष्ट काकू, म्हणजे त्यांची मंडळी, मला हमखास सांगायच्या. दुसरा बैल ज्याला विकला तो माणूस बाजारातून बैल घेऊन गेला. आप्पा घरी येऊन जेवायला बसले आणि घास हातातच राहिला. समोर कुणी छत्री उघडली की तो बैल बुजायचा, आणि हे सांगायचं राहून गेलं होतं. तसेच उठले, एसटी बदलत बदलत त्या माणसाच्या गावी गेले आणि त्याला बैलाची खोड सांगून आले. तो माणूस म्हणाला, "आप्पा, आमच्या घरात छत्रीच न्हाई." तरी आप्पांना सांगितल्यावरच झोप लागली. 'खोड लपवून इकलेला बैल इकणाऱ्याच्याच दारात मरतो' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते त्यांच्या वडिलांचं होतं की त्यांनीच जुळवलं होतं, कुणास ठाऊक.

आता आप्पांची एक खोड मी इथंच सांगून टाकतो. मला ती फार उशिरा कळली, पण तुमच्यापासून लपवली तर आप्पांच्या हिशोबानं मी दलाल ठरेन. आप्पांना डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. अजिबात.

झालं होतं असं. बैल गेल्यावर त्यांचा भाचा परदेशी नोकरीला निघाला आणि जाताना आपले छोटे स्पीकर आणि अँप्लिफायर मामाकडं ठेवून गेला. आप्पांनी ती जोडी रिकाम्या गोठ्यात मांडली. भाच्याच्या पेनड्राइव्हवर त्या बाईचं गाणं होतं. नाव नव्हतं, नुसता आकडा होता. आप्पा गव्हाणीच्या कडेवर बसून ऐकत होते आणि एकाएकी उठून त्यांनी भिंतीमागं जाऊन पाहिलं. बाई दोन्ही स्पीकरांत नव्हती. ती मध्ये, कोनाड्याच्या खाली उभी राहून गात होती. आप्पांना गाण्याची आवड अशी नव्हतीच. त्यांना वेड लागलं ते त्या उभं राहण्याचं. जिथं काही नाही तिथं एक माणूस येऊन उभं राहतं, हा चमत्कार ते दोन-तीन वर्षं रोज सकाळी दूध तापायच्या आत बघून घेत.

मग एका यात्रेत शोभेच्या दारूचा गोळा त्यांच्या डाव्या कानाशी फुटला. जखम भरली. कान गेला. आणि त्या दिवसापासून बाई उभी राहीना. आवाज येई, शब्द कळत, पण ती सगळी एका अंगाला सांडल्यासारखी व्हायची. एका कानाला मध्य सापडत नाही, एवढं साधं ते गणित. पण आप्पांनी दोष जोडीवर ठेवला. जोडी थकली असं म्हणून त्यांनी नवी आणली. ती काही दिवसांनी बदलली. वायर जाड केली, अँप्लिफायर बदलला, डब्यांत माती होती तिथं धुतलेली वाळू भरली. गावाला वाटलं, आप्पांना मोठाच नाद लागला. नाद नव्हता तो. ते त्या बाईला परत बोलावत होते.

या बदलाबदलीत आप्पांना जोडी पारखण्यातलं खरोखरच कळू लागलं. शिरूर आणि दौंड तालुक्यांत कुणी घरासाठी स्पीकर घ्यायचे म्हटलं, की आप्पांना बोलावणं येई. फी म्हणजे चहा. आप्पा स्पीकरच्या पाठीवर बोटाच्या पेरानं टकटक करत, बैलाच्या बरगडीवर थाप मारावी तशी. उचलून वजन घेत. वरच्या छोट्या ट्वीटरला ते डोळा म्हणत आणि खालच्या वूफरला छाती.

"कापडाचा डोळा मऊ असतो. लोखंडी डोळा नवा असताना लई चमकतो, पण दोन म्हयन्यांत कानाला चावतो. आन् छातीवर जाऊ नका. छाती मोठी म्हंजी वढ जास्त, असं काय नसतंय."

कुणी पोरगेला माणूस दणका पाहिजे म्हणाला, की आप्पा शांतपणे म्हणत, "मंग स्पीकर कशाला? म्हशीला दाराला धडक मारायला शिकीव."

आणि शेवटी, काय वाटेल ते झालं तरी, बोटांची परीक्षा. घरातल्या सगळ्यांना, सुनेपासून म्हातारीपर्यंत, ओळीनं बसवायचं. डोळे मिटायला लावायचे. पेनड्राइव्हवरची बाई लावायची. "बाई कुठं उभी हाय?" बोटं उठायची. आप्पा समोर उभे राहून एकेकाचं बोट बघत जायचे. बोटं फाकली तर उठून एक स्पीकर वीतभर पुढं घ्यायचे, किंवा थोडा आत वळवायचे, आणि पुन्हा विचारायचे. सगळी बोटं एका जागी आली की म्हणायचे, "जोडी एकदिल झाली. फोडा सुपारी." माझी जोडी त्यांनी अशीच निवडली. पुण्याच्या दुकानदारानं ज्या मोठ्या जोडीचा मला मोह पाडला होता ती त्यांनी बाजूला सारली आणि साध्या लाकडी खोक्यांची धाकटी जोडी माझ्या पदरात घातली. ती आजही माझ्या घरी आहे.

मला या माणसाचा अभिमान वाटे. आणि अभिमान वाटला की मला तो चारचौघांत मिरवल्याशिवाय राहवत नाही, तो माझा स्वभाव. कारखान्यातला माझा एक सहकारी दौंडचा. त्यानं नवा बंगला बांधला आणि नवी जोडी घेतली. त्याच्यापुढं मी आप्पांचं इतकं गुणगान केलं, की त्यानं खंडेनवमीला आम्हा दोघांना जेवायलाच बोलावलं. घरच्या पाहुण्यांसमोर आप्पांनी जोडीला पसंती द्यावी, अशी त्याची इच्छा.

आप्पा धुवट सदरा आणि नवी टोपी घालून गाडीत पुढं, माझ्या डाव्या बाजूला बसले. ते नेहमी तिथंच बसत. वाटेत ऊस, कांदा, पाऊसपाणी, सगळ्यावर बोलले. खुशीत होते.

दौंडच्या त्या घरात सकाळीच पूजा झाली होती. खंडेनवमीला आपल्याकडं हत्यारं पुजतात, आणि आता हत्यारं म्हणजे घरात जे जे चालतं ते सगळं. मिक्सरला हळदकुंकू होतं, स्कूटरला होतं, लॅपटॉपच्या झाकणावर झेंडू होता. स्पीकरच्या कपाळालाही कुंकवाचं ठसठशीत बोट ओढलेलं होतं. दिवाणखाना पाहुण्यांनी भरलेला. सहकाऱ्यानं हौसेनं खुर्च्यांच्या रांगा लावल्या होत्या आणि सगळ्यांत पुढं, मधोमध, आप्पांसाठी एकटी खुर्ची.

"मानसं हिकडं म्होरं बसवा की," आप्पा म्हणाले. "मला बोटं बघावी लागत्यात."

"छे, छे! आप्पा, आज परीक्षा आमची नाही, जोडीची," सहकारी म्हणाला. "तुम्हीच सांगायचं. आम्ही तुमच्यामागं."

आप्पा घुटमळले. पण इतकी माणसं बघत होती. ते बसले.

बाई गाऊ लागली आणि मला क्षणात कळलं, की उजवाच स्पीकर वाजतोय. डावा मुका होता. हे कळायला काही मोठा कान लागत नाही, सगळा आवाज खिडकीच्या कोपऱ्यातून येत होता. माझ्या मागच्या रांगेतही चुळबूळ झाली. मला वाटलं, आता आप्पा उठतील आणि त्यांच्या खास शैलीत कुणाची तरी फिरकी घेतील. आप्पा डोळे मिटून बसून होते. गाणं अर्ध्यावर आलं तेव्हा त्यांनी हात उचलला आणि बोट बरोबर मधोमध, दोन स्पीकरच्या मध्ये टांगलेल्या घड्याळाकडं रोखलं.

"हितं उभी हाय. बराबर मदोमद. जोडी एकदिल हाय, हलवू नका."

वडीलधारं माणूस, पाहुणा, बोलणार कोण? मी खाली फरशीकडं बघत बसलो. असं वाटत होतं की कुणीतरी लाइट घालवावी आणि हे सगळं तिथंच मिटावं.

तेवढ्यात सहकाऱ्याची आई पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून आली. बिचारीला बाहेर काय झालं ते ठाऊक नव्हतं. चेहऱ्यावर अपराधी भाव.

"आप्पा, माज्या हातनं एक चूक झाली बगा," ती म्हणाली. "सकाळी पूजेला पुसताना ह्या डाव्याची वायर निघाली. म्या आपली तशीच मागं खोचलीय. वाजत्यात न्हवं आता दोन्ही?"

आप्पांनी डोळे उघडले. बाई गातच होती. ते उठले, डाव्या स्पीकरपाशी गेले आणि गुडघ्यावर बसून त्यांनी आपला उजवा कान त्याला लावला. तेव्हा, त्या दिवाणखान्यात, आप्पांचा डावा कान गेलेला आहे हे मला कळलं. गाडीत पुढंच का बसतात, रस्त्यानं चालताना मला उजवीकडंच का घेतात, सगळं एकदम कळलं. मागून कुणीतरी पाहुणा म्हणाला, "आप्पांनी एकाच बैलावर गाडा पळवला की!" आणि इतका वेळ दाबलेलं हसू सगळ्या खोलीत फुटलं. माझे कान तापले. मीच त्यांना इथं मिरवायला आणलं होतं.

आप्पा वळले तेव्हा स्पीकरचं कुंकू त्यांच्या कानाला आणि गालाला लागलेलं होतं. त्यांना ते ठाऊक नव्हतं. "वायर लावून घ्या," एवढंच ते म्हणाले. मग पंगत बसली. पुरणपोळीवर तूप वाढलं गेलं, आग्रह झाला, आणि आप्पा तो कुंकवाचा कान घेऊन मान खाली घालून जेवले. पुसा असं त्यांना कुणीच सांगितलं नाही, कारण सांगायचं म्हणजे कानाचं नाव काढावं लागलं असतं. परतताना ते गाडीत मागं बसले. दारात काकूंनी पाहिलं आणि विचारलं, "आवं, कानाला कुंकू कशानं लागलं?" आप्पा तडक हौदाकडं गेले.

दुसऱ्या दिवशी गोठ्यात बघतो तर दोन्ही स्पीकरवर बैलांची झूल टाकलेली, आरशांची, लाल गोंड्यांची. पोळ्याला घालायची ती झूल आप्पांनी विकली नव्हती. त्यानंतर गोठा बंदच राहिला. आप्पा ओट्यावर बसत, पण कुणाशी बोलत नसत. मी जाता-येता मुद्दाम काही विषय काढी. ते मान हलवत. मला त्यांच्यासमोरून जायचीच लाज वाटू लागली होती, आणि त्यांना माझ्यासमोर बसायची. एका घरात राहून आम्ही एकमेकांना चुकवत होतो.

एक दिवस सकाळीच माडीच्या जिन्यावरून हाक आली. "सायेब, रविवारी गाडी काढाल का? खोड सांगाया जायाचंय."

"कुणाची खोड, आप्पा?"

"माझीच की. एवढ्या लोकांना म्या जोड्या निवडून दिल्या. एका डोळ्याचा बैल खपवल्यागत झालं ते. घरोघर जाऊन सांगितलं पायजे."

मी खूप समजावलं. जोड्या चांगल्याच आहेत, कुणाची तक्रार नाही, कशाला जखम उघडी करता. ते ऐकेनात. रविवारी निघालो. पहिलं घर तळेगाव ढमढेऱ्याचं, निवृत्त गुरुजींचं. आप्पा उंबऱ्याबाहेरच उभे राहिले, टोपी हातात घेतली आणि पाठ केल्यासारखं बोलले. "गुरुजी, माजा डावा कान बंद हाय. तुमची जोडी म्या एका कानानं निवडली. सांगायचं ऱ्हायलं व्हतं. माफी करा."

गुरुजी म्हणाले, "आप्पा, मला माहीत आहे ते. या, चहा घ्या."

आप्पांचा चेहरा पडला. यवतला ढाबेवाल्यानं तर हसतच सांगितलं, "आवं, सगळ्यांनाच ठाऊक हाय की!" आप्पा गाडीत येऊन बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं होतं की लोकांना ठाऊक होतं हे ऐकून त्यांना हलकं वाटेल. झालं उलटंच. कान गेल्याच्या लाजेपेक्षा ही लाज मोठी होती. इतकी वर्षं मान वळवून, बाजू बदलून, मोठ्या निगुतीनं जे लपवलं ते सगळा तालुका बघत होता.

"म्हंजी लोक माझी करमणूक करीत व्हते, सायेब," ते म्हणाले. "येडं म्हातारं हाय, खेळू द्या त्याला."

मी परत फिरू या म्हणालो, पण एक घर राहिलं होतं, उलट दिशेला, कवठे येमाईला. तिथं एक जिजी होत्या, आप्पांपेक्षाही वयानं मोठ्या. त्यांच्या लेकानं जोडी घेतली होती आणि ऐकत मात्र जिजीच असत. आम्ही पोचलो तेव्हा त्या अंगणात कांदे निवडत बसल्या होत्या. आप्पांनी टोपी काढून तेच वाक्य म्हटलं. आवाज निम्मा झाला होता.

जिजींनी मान वर केली नाही. "आरं आप्पा, पयल्याच दिशी कळलं मला. डाव्या अंगानं कपबशी म्होरं केली, च्या घे म्हणले, तर तू हललाच न्हाईस."

"मंग बोललीस का न्हाईस?"

"काय बोलायचं? तू इचारलंस बाई कुठं उभी हाय, म्या दावली. आंधळ्याला वाट दावताना तू आंधळा हायेस म्हणून सांगत्यात व्हय?" त्यांनी एक सडका कांदा बाजूला फेकला. "आन् फसवलंस कुठं रं? कान आमचं व्हतं, बोटं आमची व्हती. आमच्या बोटांवरनंच तू जोडी लावलीस न्हवं? सुनंला म्या बजावलं व्हतं, नीट ऐकून बोट दाव गं, तिथनंच त्यो बघतोय."

आप्पा मटकन ओट्यावर बसले. मी जिथं होतो तिथंच उभा राहिलो. ज्या परीक्षेत पास झालो म्हणून मी कारखाना डोक्यावर घेतला होता, ती परीक्षा माझी नव्हतीच. आप्पा माझ्या बोटानं ऐकत होते. आणि इथली सगळी माणसं ते जाणून, न बोलता, डोळे मिटून त्यांना खरं बोट दाखवत आली होती.

आप्पा रडले. लपवलं नाही त्यांनी. जिजींनी निवडलेले कांदे पिशवीत घालून दिले.

घरी आलो तेव्हा अजून उजेड होता. आप्पांनी गोठ्याचं दार उघडलं, चपला काढल्या, झूल घडी करून गव्हाणीवर ठेवली. मला त्यांच्या खुर्चीत बसवलं आणि बाई लावली.

"बाई कुठं उभी हाय?"

मी डोळे मिटून बोट दाखवलं. या वेळी ते माझ्या खांद्याशी वाकले नाहीत. त्यांची पावलं पुढं गेल्याचं ऐकू आलं, म्हणून मी डोळे उघडले. आप्पा माझ्या बोटाच्या रोखानं चालत निघाले होते. दोन्ही खुंटांच्या मध्ये, कोनाड्याखाली जाऊन ते थांबले.

"हितं?"

"थोडं डावीकडं, आप्पा."

ते एक पाऊल सरकले. "आता?"

"आता बरोबर तिच्या शेजारी."

आप्पांनी टोपी सारखी केली, सदऱ्याची बाही ओढली, आणि बाईचं गाणं संपेपर्यंत लग्नातल्या फोटोला उभ्या राहिलेल्या नवऱ्यामुलासारखे तिथं लाजून उभे राहिले.